दिव्याभोवतीचं कडं

आमच्या आत्याबाईंचं तोंड गोल झालं तेव्हा सगळ्या गल्लीला आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला बोलू.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात, आधीचं नातं असो नसो. बहात्तरचा दुष्काळ सरला, पुढच्या लगीनसराईत मी करमाळ्याहून सोलापुरात आले आणि बघते तर सासू म्हणजे नुसती हाडं आणि आवाज. त्या विड्या वळायच्या. गल्लीत घरोघरी बायका तेच करायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात पानं, आणि दिवसभर ती बारीक भुकटी नाकातोंडात. त्यात आत्याबाईंना दमा. थंडी पडली की भिंतीला टेकून बसायच्या आणि छातीतून अशी शिट्टी वाजायची की चुलीपाशी माझा भाकरी थापता हात थांबायचा.

एका थंडीत दम इतका लागला की आता काही खरं नाही असं सगळ्यांनीच धरलं. गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर बसायचे, त्यांनी सुई दिली आणि बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. "थोडे दिवस घ्या, मग मला दाखवायला या," म्हणाले. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी भाकरी-ठेचा मागून खाल्ला आणि मला म्हणाल्या, "करमाळ्यात मीठ मिळत न्हाय व्हय गं?" त्या बोलल्या आणि माझे मालक दारात उभे राहून रडले. आई बरी झाली याची याहून मोठी खूण नव्हती.

दाखवायला मात्र कोणी गेलं नाही. बरं वाटल्यावर डॉक्टरकडे जातंय कोण? गोळ्या संपल्या की आत्याबाई रिकामं पाकीट घेऊन नव्या पेठेतल्या औषधाच्या दुकानात जायच्या, तसलंच भरलेलं घेऊन यायच्या. पदराच्या गाठीला सुपारी असायची, तिच्याबरोबर गोळी असायची. सकाळी चहा, चहाबरोबर गोळी. असं करत वर्षं गेली. दमा असा पळाला की त्यांनाच आठवेना.

मग तोंड गोल झालं. गाल वर आले, लाल झाले, मानेवर मांस चढलं. भूक तर अशी की दुपारच्या भाकऱ्या संध्याकाळला पुरेनात. गल्लीतल्या बायका थांबून बघायच्या. समोर एक मावशी राहायची, आत्याबाईंची जिवाची मैत्रीण, तीही विड्याच वळायची. ती म्हणाली, "बया, मुखावर तेज आलंय! सुनेचा पायगुण म्हणायचा. तिच्या माहेरची कमळाभवानी पावली की तुला." माझा पायगुण म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणू?

त्याच दिवसांत आत्याबाईंना कडं दिसायला लागलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की ज्योतीभोवती रंगीत कडं दिसायचं. आत निळं, बाहेर तांबडं, असं त्या सांगायच्या. पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्या हात जोडून तशाच बसून राहिल्या, आणि मावशीला कळल्यावर गल्लीला कळायला कितीसा वेळ! शुक्रवारी बायका जमायला लागल्या. आत्याबाईंना पाटावर बसवायचं, कपाळभर मळवट भरायचा, आरती करायची, पाया पडायचं. ज्या बाईनं जन्मभर तंबाखू खाली-वर केला, कारखान्यात विड्या तपासणाऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, तिच्या पाया चार माणसं पडतात हे बघून मालकांची छाती फुगायची. आणि आत्याबाई? त्या बसायच्या राणीसारख्या. मावशीचे सांधे धरायचे, तर शुक्रवारी तिच्या हातावर खडीसाखरेबरोबर आपल्यातली एक गोळी ठेवायच्या. "घे, देवीचा परसाद." मावशीचे सांधे खरंच सुटायचे. म्हणजे बघा, चमत्काराला आणखी काय पाहिजे?

मला पहिल्यांदा खटकलं ते हंड्यामुळे. उजव्या हाताला ठेवलेला हंडा आत्याबाईंनी लाथाडला. पुन्हा लाथाडला. चौकटीला उजवा खांदा धडकून काळानिळा झाला. चहा ओतायला घेतला की बशीत कमी, जमिनीवर जास्त. मी मालकांना म्हटलं, "अवो, आत्याबाईंच्या डोळ्यांत कायतरी हाय."

ते हसले. "तिच्या इड्या बघितल्यास? एक तरी वाकडी हाय का? डोळं गेल्यावर कुणी इडी वळतंय व्हय!"

ते खरंच होतं. आमच्या गल्लीत डोळ्याची परीक्षा विडीवर व्हायची. म्हातारीची विडी सरळ तर म्हातारीची नजर शाबूत, संपलं. पण दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंसमोर बसले आणि त्यांचे हात नव्हे, त्यांचं तोंड बघत राहिले. त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या, दारातून गेलेल्या कोंबडीला हुसकत होत्या, मावशीला टोमणा मारत होत्या. आणि खाली हातात पान घेतलं, तंबाखू भरला, वळलं, दोरा गुंडाळला, टाकली विडी. एकदासुद्धा खाली बघितलं नाही! अहो, मीसुद्धा बघत नव्हते. गल्लीतली एकही बाई बघत नव्हती. विडी बोटं वळतात, डोळा मोकळाच असतो. ज्या कामात डोळा लागतच नाही त्या कामावरून आम्ही डोळा चांगला म्हणत होतो!

त्या शुक्रवारी मळवट भरायची पाळी माझ्यावर आली. आत्याबाई पाटावर, समोर समई, मागे बायका. मी त्यांच्या डाव्या अंगाला बसून उजव्या हाताची बोटं कुंकवात बुडवली आणि डोकं हलू नये म्हणून डाव्या हातानं त्यांचं कपाळ धरायला गेले. माझा तळवा त्यांच्या डाव्या डोळ्यावर आला.

आत्याबाई म्हणाल्या, "अगं, दिवा का शांत केलास?"

समई लखलखत होती. आरती म्हणणाऱ्या बायका थांबल्या. मी तळवा काढला. "हां, लागला," त्या म्हणाल्या. मी पुन्हा तळवा ठेवला, या वेळी मुद्दाम. "आता गं? वारा हाय का काय?"

मागून मावशी ओरडली, "देवीनं दिवा झाकला! बोला उदे गं अंबे उदे!" आणि सगळ्या बायका उदे उदे करायला लागल्या. मी तिथंच कुंकवाचं ताट आपटलं. "गप बसा! ह्यांचा उजवा डोळा गेलाय, अन् तुमी उदे काय म्हणताय!"

त्या रात्री घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. सकाळी आत्याबाई माझ्याशी बोलेनात. बोलल्या तेव्हा म्हणाल्या, "माझ्या देवीवर जळतीस व्हय गं?"

"देवी तुमची कधी झाली?" मी म्हटलं. मला राग आला की माझं तोंड माझं राहत नाही. "माझ्या माहेरची हाय ती. ल्हानपणापासनं तिच्या पायऱ्या चढलीय मी. ती लेकीच्या सासरला येऊन सासूचा डोळा काढून नेईल व्हय? असली देवी न्हाय आमची!"

मालक मधे पडले. एवढं बरं चाललंय, दमा नाही, खाणंपिणं आहे, म्हाताऱ्या माणसाला थोडं अंधूक दिसणारच, कशाला दवाखाना? एमआयडीसीत नवी नवी मागाची नोकरी लागलेली, सायकल काढली आणि गेले. पुरुषांचं बरं असतं, सायकल काढली की गेलं.

मग मी माझं हत्यार काढलं. चूल पेटवली, सगळ्यांचा स्वयंपाक केला, वाढला, आणि स्वतः जेवले नाही. विचारलं तर सांगितलं, "आत्याबाई डोळ्याच्या दवाखान्यात आल्याबिगर मी ह्या घरातलं अन्न खाणार न्हाय." आत्याबाई आधी हसल्या. मग चिडल्या. मग संध्याकाळी माझ्या ताटाकडे बघून गप्प झाल्या. त्यांच्या घरातून कुत्रं उपाशी गेलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताट तसंच राहिलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "सून उपाशी ठिवली म्हणून लोक माझ्या तोंडात शेण घालतील. बोलीव तुझा टांगा!"

सरकारी दवाखान्यातले डोळ्यांचे डॉक्टर वयस्क होते, कमी बोलायचे. आत्याबाईंना आडवं निजवून त्यांनी डोळ्यांत थेंब घातले आणि बुबुळावर एक छोटं लोखंडी वजन अलगद टेकवलं, त्यानं डोळ्यातला दाब कळतो म्हणे. मग अंधाऱ्या खोलीत नेऊन उजेड पाडून बघितलं. बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"आजी, कुठलं औषध घेता?"

"कसलंच न्हाय. मला काय धाड भरलीय?"

मी बघतच राहिले. त्या खोटं बोलत नव्हत्या. रोज घेतात ते औषध कसं असेल? मी त्यांच्या पदराची गाठ सोडली आणि सुपारीबरोबरची गोळी डॉक्टरांपुढे धरली. त्यांनी ती चिमटीत घेऊन उजेडात बघितली.

"ही किती वर्षं चालू आहे?"

मी सांगितलं. डॉक्टर खुर्चीत बसले. नंतर त्यांनी आम्हाला समजेल असं सगळं सांगितलं. ही स्टेरॉइडची गोळी. दमा जिवावर बेतला तर हिच्यासारखं औषध नाही, त्या डॉक्टरांनी दिली ते बरोबरच केलं. पण ती वर्षानुवर्षं कोणी न बघता घेत राहिलं तर तोंड असं सुजतं, भूक वाढते, आणि काही माणसांच्या डोळ्यांतलं पाणी बाहेर जायची वाट तुंबते. दाब वाढतो आणि आतली नस मरत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. त्याला काचबिंदू म्हणतात. शिवाय हीच गोळी मोतीबिंदूही लवकर आणते. "मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत आणता येत नाही. उजवा डोळा गेला आहे. डावा अर्धा आहे. तो अर्धा ठेवायचा आहे का, ते तुम्ही ठरवा."

"ठिवायचा," मी म्हटलं. डॉक्टरांनी प्रश्न आत्याबाईंना विचारला होता, पण उत्तर मी दिलं.

आत्याबाईंनी पदराची सुटलेली गाठ पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, "आन् ते कडं, डाक्टर? दिव्याभवतीचं?"

"दाब फार वाढला की दिव्याभोवती तसं कडं दिसतं, आजी."

"म्हंजी देवी न्हवं?"

डॉक्टर म्हणाले, "देवीचं मला माहीत नाही. डोळ्याचं मला माहीत आहे."

टांग्यात त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसल्या. लग्नानंतर पहिल्यांदा. मला रडू येत होतं, पण मी ठरवलं होतं की हा डोळा राहीपर्यंत रडायचं नाही.

घरी आल्याबरोबर त्यांचा जुना स्वभाव उसळला. पाकीट काढलं आणि थेट मोरीकडे निघाल्या. "आजपासनं बंद! सोडलं म्हंजे सोडलं!" आमच्याकडे सोडायची हीच रीत. चहा सोडला तर एका दिवसात, मिश्री सोडली तर एका दिवसात, नवस बोलून. मी धावत जाऊन मनगट धरलं. दवाखान्यात आम्हाला शेजारच्या खोलीत दम्याच्या डॉक्टरांकडेही पाठवलं होतं, त्यांनी मला दोनदा बजावलं होतं. जे औषध शरीर आपल्या आपण थोडं थोडं बनवतं तेच बाहेरून आयतं मिळत गेल्यानं शरीर आता आळसावलंय. एकदम बंद केलं तर बाई कोसळेल, जिवावर बेतेल. आधी पूर्ण, मग अर्धी, मग पाव, आणि दर वेळी दाखवून.

"इख हाय म्हणतीस, आन् खा म्हणतीस?"

"व्हय. खा म्हणती. मी देईन तेवढंच खा."

त्या दिवसापासून गोळ्या माझ्या ट्रंकेत आणि किल्ली माझ्या गळ्यात. पान कापायच्या कात्रीनं मी गोळीचे तुकडे करायची. गोळी कमी झाली तसा दमा परत आला, शिट्टी परत वाजायला लागली. दुसऱ्या साध्या गोळ्या मिळाल्या होत्या, पण त्यांना या गोळीची सर नव्हती. मग मी तंबाखूचं सूप घराबाहेर काढलं. त्यांच्या विड्या बंद, मी दाराबाहेर ओट्यावर बसून वळणार. मी कसली वळणारी! कारखान्यात तपासणारा माझ्या विड्या मूठमूठ छाटून फेकायचा. आत्याबाई आतून नुसत्या आवाजावरून ओरडायच्या, "दोरा सैल पडला! कानाला ऐकू येतंय मला! इडी वळता येईना आन् म्हणं पान जाड!"

डोळ्यातलं औषध तर आगीसारखं झोंबायचं. कपाळ ठणकायचं. डोळ्याचा दाब उतरवायच्या गोळीनं बोटांना मुंग्या यायच्या, आणि बोटं म्हणजे तर त्यांचा जीव. थेंब घालायला गेले की माझ्या आईबापाचा, करमाळ्याचा, करमाळ्याच्या बाजाराचा उद्धार व्हायचा. मी म्हणायची, "शिव्या द्या, डोळा उघडा ठिवा." रोज, दिवसातून कितीदा तरी. शुक्रवारच्या बायका हळूहळू यायच्या बंद झाल्या. मावशी तर माझ्याशी बोलेनाशीच झाली. सुनेनं देवी घालवली, असं ती नळावर सगळ्यांना सांगायची. माझे मालकही सुरुवातीला घुश्शात होते. मग एके दिवशी ते चप्पल शोधत होते आणि आत्याबाईंच्या उजव्या बाजूला अगदी जवळ उभे होते. आत्याबाईंना ते दिसलेच नाहीत. त्या हाका मारत राहिल्या, "अरं कुटं हायस?" तेव्हापासून सकाळचे थेंब ते घालायला लागले.

संध्याकाळी मी दिवा लावायची आणि विचारायची, "कडं हाय?"

"हाय," त्या म्हणायच्या. म्हणताना त्यांचा आवाज अजून हळवा व्हायचा. एकच कडं, पण त्यांना वाटायचं देवी अजून आहे, आणि मला दिसायचं की डोळा अजून जातोय. डॉक्टरांनी औषध वाढवलं. आम्ही टांग्यानं जात राहिलो, बाकावर बसत राहिलो. मी हट्ट सोडला नाही. त्यांनीही शिव्या सोडल्या नाहीत.

आणि एका संध्याकाळी मी दिवा लावला, विचारलं. आत्याबाई मान पुढे काढून बघत होत्या. उजवीकडे झाल्या, डावीकडे झाल्या.

"न्हाय गं," त्या म्हणाल्या. "नुसता दिवाच हाय."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चांगल्या डोळ्यातून आणि मेल्या डोळ्यातूनही. त्या देवीसाठी रडत होत्या हे मला कळत होतं. आणि मी इतके दिवस धरून ठेवलेलं रडू एकदाच सोडलं. दोघी दिव्यापुढे बसून रडलो, कारणं वेगळी. तो अर्धा डोळा त्यांनी पुढे मरेपर्यंत वापरला. त्यातला मोतीबिंदूही काढला, जाड भिंगाचा चष्मा लावला, आणि त्या चष्म्यातून माझी भाकरी कुठं करपली ते बरोबर शोधलं. पण ते नंतरचं.

त्या संध्याकाळी त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि एकदम ताठ झाल्या. "ती गोळी," म्हणाल्या. "मी त्या समोरचीलाबी देत हुते."

मी म्हटलं, "तुमी बंद केल्यावर तिचीबी बंद झाली असंल."

"कशाची बंद हुतीय! रिकामं पाकीट माझ्याकडनंच न्हेलंय तिनं."

त्यांनी देवापुढचं निरांजन उचललं आणि उजवा हात भिंतीला लावत बाहेर पडल्या. मी मागे. गल्ली ओलांडून मावशीच्या दारात गेलो. मावशी सूप पुढ्यात घेऊन बसली होती. तिचंही तोंड गोल झालं होतं. रोज समोर असून मला ते दिसलं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघून मान फिरवली, पण आत्याबाईंच्या हातातलं निरांजन बघून उठून उभी राहिली.

आत्याबाई आत शिरल्या. निरांजन तिच्या तोंडापुढे धरलं आणि तळव्यानं तिचा एक डोळा झाकला. मग दुसरा झाकला. "दिवा दिसतुया का?"

"दिसतुया की," मावशी म्हणाली. "दोन्हीकडनं दिसतुया."

"भवती काय हाय का?"

मावशीचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. तिनं हात जोडले. "व्हय गं बया! तुला कुणी सांगितलं? दोन दिवस झालं, मलाबी कडं दिसाय लागलंय. मलाबी पावली की गं!"

आत्याबाईंनी निरांजन माझ्या हातात दिलं आणि मावशीच्या मांडीपुढचं सूप पायानं बाजूला सारलं.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या.